हँडब्रेक वर वर येतोय? आधी नट आवळू नका

वाचकाचं पत्र:

"माझं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. घर वर, रस्ता खाली आणि मधे घाटी. गाडी घाटीच्या कडेलाच लावावी लागते. गाडी आठ वर्षांची, छोटी, पेट्रोलवरची. पूर्वी हँडब्रेक पाच-सहा खटक्यांत धरायचा. आता दहा-अकरा होतात, दांडा जवळजवळ उभा राहतो, तरी गाडी जराशी सरकतेच. गॅरेजमध्ये दोनदा 'टाइट' करून आणला, दोन महिन्यांत पुन्हा तसाच. आता तर गाडी चालवून आलं की मागच्या डाव्या चाकापाशी जळकट वास येतो. गेल्या श्रावणात आम्ही तीन आठवडे पुण्याला मुलाकडे होतो. परत येऊन बघते तर गाडी जागची हलेना, मागचं चाक धरून बसलेलं. सासरे म्हणतात, हँडब्रेक लावायचाच नाही, गिअरमध्ये ठेवायची. माझी शाळा दाभोळला, धोपाव्याहून फेरीबोटीने जाते. बोटीतून उतरताना चढावर गाड्या अडल्या की मागच्यावर जाऊन आदळेन अशी धास्ती वाटते. काय करू?"

ताई,

आधी वासाचं बोलू. एकाच चाकापाशी जळकट वास येतो म्हणजे त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, गाडी चालत असताना घासत राहतो. हे काम सुट्टीच्या दिवसावर ढकलू नका. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं गोल भांडं, सतत तापला की त्याला आतून घासणारा थर, म्हणजे लायनर, काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग पायाचा ब्रेकसुद्धा त्या बाजूला नीट धरत नाही. फारच तापलं तर ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडतं. दोन-चार दिवस धोपाव्यापर्यंत एसटीने किंवा रिक्षाने जा, तिथून बोटीने पलीकडे. गाडी उघडून बघितल्याशिवाय त्या घाटीवरून खाली काढू नका. मेकॅनिक घरी येत असेल तर घरीच बोलवा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थांबलो ती: "दोनदा टाइट करून आणला, दोन महिन्यांत पुन्हा तसाच." पंचवीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात गाड्या दुरुस्त केल्या, आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं कारण तुम्हाला नीट समजावून सांगावंसं वाटतं. ते एकदा कळलं की पुढच्या वेळी गॅरेजमध्ये काय सांगायचं हे तुम्हीच ठरवाल.

दांड्याच्या खाली एक छोटी आडवी पट्टी असते. तिथून दोन केबल निघतात, एक डाव्या मागच्या चाकाकडे, एक उजव्या. तुमच्यासारख्या छोट्या गाड्यांत मागे बहुधा ड्रम असतात. ड्रमच्या आत केबल एक लिव्हर ओढते, लिव्हर दोन्ही शू, म्हणजे आतल्या कमानीसारख्या पट्ट्या, बाहेर ढकलतो आणि शूवरचं लायनर ड्रमला आतून दाबून धरतं. लायनर जसं झिजतं तसं ते आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढतं. ते अंतर भरून काढायला आत ॲडजस्टर असतो. झीज वाढली की तो एकेक दाता पुढे सरकतो आणि शू पुन्हा ड्रमच्या जवळ आणून ठेवतो. फक्त त्याला काम करायला एक गोष्ट लागते: दांडा खाली असताना आतला लिव्हर पूर्ण मागे, आपल्या जागी जाऊन बसला पाहिजे.

गॅरेजमध्ये दोनदा जे झालं ते असं. दांड्यापाशी एक नट असतो, तो आवळला की केबल ताणली जाते आणि दांडा लगेच चार-पाच खटक्यांवर येतो. काम झाल्यासारखं दिसतं. पण केबल कायमची ताणलेली राहिल्यामुळे आतला लिव्हर जागेवर परत जातच नाही, अर्धवट ओढलेला राहतो. ज्या नटाने तुमचा दांडा खाली आणला त्यानेच ॲडजस्टरचे हात बांधून टाकले. मग लायनर झिजत राहतं, अंतर भरलं जात नाही, आणि दोन महिन्यांत दांडा पुन्हा वर. दुसऱ्यांदा आवळलं तेव्हा डाव्या बाजूचे शू ड्रमला टेकूनच राहिले असणार. तुमचा जळकट वास बहुतेक तिथला आहे. दुसरी शक्यता म्हणजे डावी केबलच आत गंजून अडकत असेल. दोन्हींचा निकाल चाक काढल्यावर लागतो.

म्हणून मेकॅनिकला "हँडब्रेक टाइट करा" असं सांगू नका. "मागचे दोन्ही ड्रम उघडा, केबल पूर्ण ढिली करा, शू सेट करा, आणि नट सगळ्यात शेवटी" असं सांगा. नट आवळायला पाच मिनिटं लागतात, दोन्ही ड्रम उघडून साफ करायला दीड-दोन तास. त्या दोन तासांचे पैसे द्यायची तयारी आहे हे आधीच सांगून टाका, म्हणजे तोही घाई करणार नाही. आणि शक्य असेल तर शेजारी उभ्या राहा.

उभ्या राहिलात तर काय बघायचं? वेळणेश्वरच्या बाजूची एक गाडी माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. ड्रम निघेना. त्याच्या कडेला गंजाची धार आली होती आणि आतले शू तिच्यात अडकले होते. लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी ठोकल्यावर ड्रम हातात आला आणि मूठभर तपकिरी भुगा खाली सांडला. लायनर डावीकडे जेमतेम उरलेलं, उजवीकडे भरपूर. ॲडजस्टर हाताने फिरवून बघितला, तर त्याचे आटे गंजाने एकजीव झालेले. केबल जिथे चाकात शिरते तिथलं रबरी बूच चिरलं होतं. त्या चिरेतून पाणी आत जात होतं आणि तार बाहेरच्या नळीला धरून बसत होती. दांडा खाली केला की तार परत यायची नाही. मालक म्हणाले, "दांडा तर पार खाली जातो." जात होताच. फक्त चाकापर्यंत ती बातमी पोचत नव्हती.

तुमच्या गाडीतही हेच बघा: दोन्ही बाजूंची लायनर सारखी झिजली आहेत का, ॲडजस्टर फिरतो का, केबलचं रबर शाबूत आहे का. शिवाय शूच्या वरच्या टोकाला चाकाचा ब्रेक सिलिंडर असतो. तिथे ओल दिसली तर ती पावसाची समजू नका, ब्रेक ऑइल गळत असेल. ऑइलने भिजलेलं लायनर पुसून वापरायचं नसतं, बदलायचं, आणि दोन्ही बाजूंचं एकदम. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसावी. आणि गंज सोडवणारा स्प्रे लायनरवर उडता कामा नये. केबल अडकत असेल तर तिच्यात तेल सोडून दोन आठवडे ढकलता येतात, पण आमच्या हवेत ती पुन्हा अडकतेच. बदलून टाका.

सगळं जोडून झालं की मागचं चाक जॅकवर असतानाच एक परीक्षा घ्यायची. पुढची चाकं दगड लावून अडवलेली, दांडा खाली. चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे. मग दांडा एकेक खटका वर घ्यायचा आणि दोन्ही बाजूंची चाकं साधारण एकाच खटक्यावर धरतात का बघायचं. किती खटक्यांत पूर्ण धरावं, हा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो पाच ते आठच्या दरम्यान असायचा. दोन-तीन खटक्यांतच दगडासारखा घट्ट होत असेल तर तेही चूक, म्हणजे केबल पुन्हा जास्त ओढली आहे.

आता श्रावणातल्या त्या अडकलेल्या चाकाचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. ती खारी हवा तुमच्या घरापर्यंत रोज येते. ड्रम बिडाचा असतो. तुम्ही ओली गाडी आणून लावली, हँडब्रेक ओढला आणि पुण्याला गेलात. ओलं लायनर तीन आठवडे ड्रमला दाबून राहिलं, दोघांच्या मधे गंज धरला आणि चिकटले. यात तुमची चूक एवढीच की हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा कधी असं झालं तर ॲक्सिलरेटर दाबून हिसका देऊ नका. दांडा पूर्ण खाली आहे ना बघा, मग पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, हलली नाही तर रिव्हर्समध्ये, पुन्हा पुढे. बऱ्याचदा "खट्" असा आवाज होऊन चाक सुटतं. नाहीच सुटलं तर सपाट जागी, बाकीची चाकं अडवून, ड्रमच्या कडेवर लाकडी हातोडीने ठोकावं लागतं. ते जाणत्याकडूनच करून घ्या, आणि गाडीखाली कुणी झोपायचं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: चाक सुटलं म्हणून काम संपत नाही. सुटताना लायनर शूपासून उखडून निघू शकतं आणि तो तुकडा आतच फिरत राहतो. खरखर आवाज आला किंवा पेडल वेगळं लागलं तर ड्रम उघडायचाच. गेल्या श्रावणात तुमचं चाक सुटलं तेव्हा उघडून बघितलं होतं का? पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर हेही या वेळी बघून घ्या.

म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं चूक का? नाही, ते अनुभवातून आलेलं आहे आणि एका परिस्थितीत अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात गाडी आठवडाभर किंवा जास्त उभी राहणार असेल तर सपाट जागी लावावी, गिअरमध्ये ठेवावी, पुढून-मागून चाकांना अडवण द्यावी आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. लावण्याआधी थोडं अंतर हलक्या हाताने ब्रेक मारत चालवून आणली तर ड्रम कोरडेही होतात. तुमच्या घाटीवर मात्र हे चालणार नाही. लांब जाणार असाल तेव्हा गाडी खाली, कुणाच्या खळ्यात किंवा देवळाजवळच्या सपाटीवर विचारून ठेवा.

पण रोजच्या वापरात नुसत्या गिअरवर गाडी सोडणं मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. तरुणपणी माझ्याकडे एक जुनी गाडी होती. हँडब्रेकची केबल तुटलेली, आज करू उद्या करू म्हणत राहिलो. एकदा चिपळूणजवळ चढावर पहिल्या गिअरमध्ये ठेवून मी चहाला गेलो. गिअरमध्ये गाडी अडते ती इंजिनातल्या दाबलेल्या हवेच्या जोरावर, आणि जुन्या इंजिनात ती हवा हळूहळू निसटते. दहा मिनिटं गाडी उभी होती. मग टिचभर सरकली, थांबली. पुन्हा टिचभर. मी टपरीतून बघत होतो आणि माझ्या लक्षातच आलं नाही की ती हलतेय. खाली एक मासेवाली पाटी घेऊन बसली होती. लोकांनी ओरडून तिला उठवलं, आणि गाडी वेग घेऊन गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, जाऊन आदळली. पाटी चिरडली, बाई वाचली. त्या दिवसापासून मी गाडी लावताना हँडब्रेक आणि गिअर दोन्ही वापरतो. कायदाही हेच बघतो: मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६ प्रमाणे चालक जागेवर नसताना सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी.

शिवाय रोज न वापरलेली केबल लवकर अडकते. हलती राहिली की मोकळी राहते.

तुमच्या घाटीवर गाडी लावायची पद्धत अशी ठेवा. पायाचा ब्रेक पूर्ण दाबून थांबा, तो दाबलेलाच ठेवून हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि पाय हळू सोडा. गाडी किंचित बसेल आणि भार हँडब्रेकवर येईल. तो धरत नसेल तर तिथेच कळतं, तुम्ही आत असताना. मग इंजिन बंद करून गिअर टाका: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुढची चाकं अशी वळवा की गाडी सरकलीच तर गडग्याला टेकेल, घाटीवरून खाली जाणार नाही. आणि आपल्याकडे चिऱ्याला तोटा नाही. तिरका तुटलेला एक तुकडा डिकीत ठेवून द्या आणि उताराच्या बाजूने मागच्या चाकाला अगदी चिकटवून लावा. निघताना तो उचलायचा, रस्त्यात सोडायचा नाही. रात्री दुचाकीवाल्याचा त्याच्यावर जीव जाईल. दुसऱ्या दिवशी सुरू करताना क्लच दाबूनच चावी फिरवा, कारण गाडी गिअरमध्ये आहे.

दांड्याच्या बटणाबद्दल दोन शब्द, कारण तिथेही बऱ्याच गाड्या बिघडवल्या जातात. ओढताना बटण दाबायची गरज नाही. दाते त्या कट-कट आवाजासाठीच बनवलेले असतात, आणि तुम्हाला खटके मोजता येतात. रोज मनात मोजत चला. सोडताना आधी दांडा जरासा वर घ्या, मग बटण दाबा, मग खाली. बटण दबत नसेल तर अंगठ्याने जोर करू नका, दांडा अजून थोडा वर ओढला की आतल्या खटक्यावरचा ताण जातो आणि बटण सहज दबतं. बाजारातली रेक्झिनची खोळ दांड्यावर चढवली असेल तर काढून टाका, ती बटणापाशी सरकते आणि ब्रेक अर्धाच सुटतो. पण दांडा ओढून ठेवल्यावर आपोआप खाली घसरत असेल तर आतले दाते झिजले आहेत. त्याला ग्रीस हा उपाय नाही, दांड्याचा संच बदलावा लागतो. गाडीत मुलं असतील तर उतारावर त्यांना एकटं सोडून उतरू नका, लहान मुलाच्या हाताने बटण दाबलं जातं.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा दांडा खाली केल्यावर विझलाच पाहिजे. विझला नाही तर नुसतं "हँडब्रेकचा स्विच गेला असेल" म्हणून सोडू नका, कारण बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच दिवा लागतो. बॉनेट उघडून टाकीतली पातळी बघा. वळणावर किंवा चढावर तो क्षणभर लुकलुकला तरीही बघा. आठ वर्षांत ऑइल बदललं नसेल तर ड्रमच्या कामाबरोबर बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल आपल्याकडे बारा महिने आहे.

राहिली बोट. चढावर अडकल्यावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, त्यात क्लच जळतो आणि पाय थकला की गाडी मागे येते. थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, दोन्ही पाय मोकळे सोडा. पुढची गाडी हलली की पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू वर. एका क्षणी इंजिनाचा आवाज खाली उतरतो आणि गाडीचं नाक किंचित उचलतं. तिथे पाय स्थिर ठेवा आणि मगच दांडा सोडा. गाडी पुढेच जाईल. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. ब्रेकचं काम झालं की एखाद्या सकाळी, रस्ता रिकामा असताना, तुमच्याच घाटीच्या पायथ्याशी हे दहा-बारा वेळा करा. नाक उचललेलं हाताला कळायला लागलं की धास्ती जाईल.

बोटीत गाडी उभी केल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावा, खाडीच्या मुखाशी बोट हलते. उतरताना रॅम्प ओला असतो, वर शेवाळही असतं. पुढची गाडी रॅम्पवरून पूर्ण वर जाईपर्यंत तुम्ही बोटीतल्या सपाट भागावरच थांबा, म्हणजे चढाच्या मध्यावर अडकायची वेळच कमी येईल. आणि ड्रम उघडल्यावर डावीकडे काय सापडलं ते मला नक्की लिहा: ॲडजस्टर होता की केबल.